शेरूचा चौथा पाय

"बिच्चारा!"

पुण्याहून सुटीला आलेल्या माझ्या नातीनं काल अंगणात पाऊल टाकलं, शेरूकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून हा शब्द निघाला. डोळे भरून आले तिचे. शेरूचं सगळं लक्ष मात्र तिच्या पिशवीकडे होतं. तीन पायांवर उभा राहून तो पिशवीतल्या खाऊचा वास घेत होता आणि शेपटी अशी फिरत होती, की मागचं सगळं अंग तिच्याबरोबर हलत होतं.

तेव्हाच ठरवलं, रात्री अंगणात बाजा टाकल्या की हीच गोष्ट सांगायची. तर या पोरांनो. दिवा मालवा, उगाच किडे येतात. आणि तू गं, पुण्याची, इथं शेरूच्या डाव्या बाजूला बस. डाव्याच बाजूला का, ते शेवटी सांगतो.

माघ महिना होता. आपल्या घाटंजी-पांढरकवड्याकडच्या शिवारात तेव्हा हरभऱ्याला घाटे भरलेले असतात, आणि रात्री रानडुकरांचे कळप उतरतात. एका रात्रीत उभं पीक लोळवून जातात. शेतकरी जागल करतो, मचाणावर बसून डबे बडवतो, थंडीत कुडकुडतो. त्याचा जीव जळतो हे मला ठाऊक आहे, मीही जन्मभर हेच केलं. पण कोणी कोणी धुऱ्यावर फास लावतो. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार, तिचा सरकता फास, आणि दुसरं टोक बाभळीच्या बुंध्याला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं असे फास लावून शिकार करणं गुन्हा आहे, तरी तारा सापडतातच. फास लावला डुकरासाठी, पण तारेला काय कळतं? शेरू दोन रात्री घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या काकाला तो नाल्याकाठी दिसला. मागचा डावा पाय तारेत, आणि भोवतीची माती त्यानं उकरून उकरून भुसभुशीत केलेली.

तार हाडापर्यंत गेली नव्हती. मग पाय का गेला? एक करून पाहा. बोटाला दोरा जरा घट्ट गुंडाळा, क्षणभरच, आणि लगेच सोडा. बोट आधी लाल होतं, मग जांभळं, आणि फुगतं. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या धमन्या खोलवर असतात, जाड भिंतीच्या, जोरानं वाहणाऱ्या. रक्त परत नेणाऱ्या शिरा वरवर असतात, पातळ भिंतीच्या. फास आवळला की आधी दबतात त्या शिरा. म्हणजे रक्त आत येत राहतं आणि बाहेर जायची वाट बंद. पाय सुजतो, सुजेनं तार अजून रुतते, आणि शेवटी आत येणारी धमनीही बंद पडते. तिथून पुढचं मांस उपाशी मरतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी शेरूच्या पंजाला हात लावला तेव्हा तो थंडगार होता, नखांभोवतीची कातडी काळी पडली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, नागपूरला न्या, आजच न्या.

नागपूर इथून दीडशे किलोमीटरच्या वर. सेमिनरी हिल्सला 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, विदर्भातल्या गाईबैलांचे, कुत्र्यामांजरांचे अवघड आजार शेवटी नागपूरच्याच वाटेला लागतात. गाडीत आजीच्या मांडीवर शेरूचं डोकं होतं. गावातले दोघंतिघं निघताना म्हणाले होते, तीन पायांचं कुत्रं ठेवून काय करता, सुई देऊन मोकळं करा त्याला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तीन पायांचं कुत्रं काय करू शकतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"पण आबाजी, पंजाच खराब झाला होता ना? मंग सगळाच पाय काऊन कापला?"

बरोबर विचारलंस. मीही डॉक्टरांना हेच विचारलं. कुत्रा कसा चालतो ते पाहा. तो बोटांवर चालतो. मागच्या पायाचा जो गुडघा उलटा वाकलेला वाटतो, तो गुडघा नाहीच, ती टाच आहे, जमिनीपासून उंच उचललेली. भार घ्यायला बोटांखाली जाड गाद्या असतात, आणि तसली कातडी अंगावर दुसरीकडे कुठंच नाही. अर्धा पाय ठेवला तर कुत्रा विसरून तो टेकायला जातो, थुटका जमिनीवर आपटतो, कातडी सोलते, जखम हाडाला लागते आणि भरतच नाही. म्हणून पाय मांडीतूनच, वरून कापतात आणि हाडाच्या टोकावर मांडीचे स्नायू गादीसारखे शिवून टाकतात.

पुढचा पाय असता तर अजून नवलाची गोष्ट. गळ्याखाली हात लावून पाहा, आडवं हाड लागतं ना? त्या हाडानं आपला हात छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला आहे. कुत्र्याला ते हाड जवळजवळ नसतंच. त्याचे पुढचे दोन्ही पाय धडाला नुसत्या स्नायूंनी टांगलेले असतात, झोळीसारखे. म्हणून तर तो उडी मारून उतरला की धक्का त्या झोळीत जिरतो. आणि म्हणूनच डॉक्टर पुढचा पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढू शकतात, एकही हाड न कापता.

चौथ्या दिवशी शेरू घरी आला. गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं, डाव्या बाजूचे केस भादरलेले, आणि मांडीच्या जागी टाक्यांची लांब रेघ. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी तो आपणहून उभा राहिला होता. घरी मात्र पहिली रात्र वाईट गेली. रात्रभर कण्हत होता. धाकटा उठून माझ्याजवळ आला, "आबाजी, हा रडून राहिला. याले लय दुखत असन ना?"

दुखत असेल. पण सगळंच कण्हणं दुखण्याचं नसतं. जोरदार वेदनाशामकांनी कुत्र्याला भ्रम होतो, आपण कुठं आहोत ते कळत नाही, आणि तो त्या गुंगीत ओरडतो. जवळ जाऊन नाव घेतलं, कपाळावर हात ठेवला आणि तो शांत झाला, तर बहुधा ती गुंगी. हात ठेवूनही अंग थरथरतंय, न धावता धाप लागतेय, कूस बदलूनही चैन नाही, खाण्याकडे तोंड फिरवतोय, तर ते दुखणं. कुत्रं दुखणं लपवतं, लांडग्याच्या वंशातला जीव तो, म्हणून या खुणा बारकाईनं पाहाव्या लागतात. पहाटे डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी औषधाच्या वेळा बदलून दिल्या. दुसऱ्या रात्री शेरू झोपला आणि आम्हीही झोपलो.

एक गोष्ट मात्र मनात कोरून ठेवा. त्या रात्री कळवळून सूनबाई म्हणाली होती, घरात माझी दुखण्याची गोळी आहे, अर्धी देऊ का? मी हात धरला. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. अर्धीही नाही, पावही नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बंद पडतात. डायक्लोफेनॅक हे नाव तर आपल्या आभाळानंच शिकवलेलं आहे. माझ्या तरुणपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडांची रांग लागायची. नव्वदीनंतर ती नाहीशी होत गेली. जनावरांना दुखण्यासाठी हे औषध टोचायचे, ते मेलेल्या जनावराच्या मांसात राहायचं, आणि खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद झालं. गोळी एकच असते, पण आतली शरीरं निरनिराळी असतात.

टाके ओले असेपर्यंतचे ते 10-14 दिवस घरातल्या माणसांच्या परीक्षेचे. शेरूला आम्ही पडवीच्या एका कोपऱ्यात ठेवलं, दोरी आखूड. टाक्यांभोवती निळाजांभळा डाग पडला, काही दिवसांत तो पिवळट-हिरवा होत पोटाकडे उतरला. आजी घाबरली. पण कातडीखाली साचलेलं रक्त खाली उतरतं, आपल्या मुक्या माराचंही तसंच होतं. त्याला भ्यायचं नाही. भ्यायचं ते टाके उकलले, पू आला, वास आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा दिवसभरात लघवीच झाली नाही, तर. आणि माशांना भ्यायचं. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात त्यातून अळ्या निघतात, त्या जिवंत मांस पोखरतात. म्हणून शेरूभोवती मच्छरदाणी बांधली होती. हळद-तेल, राख, गाडीचं काळं तेल, शेजाऱ्यांनी सगळं सुचवलं, आम्ही काहीच लावलं नाही. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापूससुद्धा लावला नाही, त्याचे धागे टाक्यांत अडकतात.

बाहेर न्यायचं तर जुन्या लुगड्याची रुंद पट्टी पोटाखालून घ्यायची आणि दोन्ही टोकं वर हातात धरायची. उचलायचं नाही, नुसता आधार. लघवीची जागा पट्टीखाली दबू द्यायची नाही. पहिल्या दिवशी शेरू लघवीला उभा राहिला, सवयीनं उजवा पाय उचलायला गेला आणि धपकन बसला. उजवाच तर उरला होता. तो क्षणभर तसाच बसून राहिला, मागे वळून पाहिलं, मग उठला आणि पाय न उचलताच काम उरकलं. पुन्हा ती चूक त्यानं केली नाही. एकदाच पडला आणि शिकला.

तो खरा अडला तो आपल्या नव्या खोलीत. तिथं चकचकीत टाइल्स आहेत ना? तीन पायांनी टाइलवर उभं राहणं म्हणजे तेलावर उभं राहणं. उरलेला मागचा पाय बाहेर घसरला की मांडीचा सांधाच लचकायचा. पडवीतली सारवलेली जमीन त्याला सर्वांत आवडली, नखं रुततात तिथं. पण जखम ओली असताना शेणाच्या उघड्या जमिनीवर कसं ठेवणार? मग आजीनं घरातल्या सगळ्या सतरंज्या, गोण्या काढल्या आणि पडवीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत एक वाट अंथरली. टाके निघाले त्या दिवशी तो त्या वाटेनं चालत आला. लंगडत नाही, हं. लंगडणं म्हणजे दुखरा पाय वाचवत चालणं. हा उड्या घेत आला.

आता इकडे पाहा, विजेरी आणा. अंगणातल्या फुफाट्यात त्याचे ठसे दिसतात? पुढचे दोन नेहमीसारखे, डावाउजवा. मागचा ठसा एकच आहे, पण तो उजव्या बाजूला नाही. बरोबर मधोमध आहे! कोणी शिकवलं त्याला? तिवई पाहा आपली. चार पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तिवई कधी डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कुठंही ठेवले तरी तिन्ही टेकतात. फक्त वजन त्या तीन पायांच्या त्रिकोणाच्या आत पडायला हवं. शेरूनं पाय मध्ये घेतला, मान पुढे आणि जरा खाली केली, शेपटीचा तराजूच्या दांडीसारखा उपयोग केला, आणि वजन त्रिकोणात आणलं.

हिशेबही करू. शेरू 16 किलोचा. चार पायांच्या कुत्र्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, 40 टक्के मागच्या. म्हणजे पुढचा प्रत्येक पाय पावणेपाच किलोच्या जरा वर उचलायचा, आणि मागचा प्रत्येक सव्वातीन किलोच्या आसपास. मागचा एक पाय गेलेल्या कुत्र्यांना चालवून शास्त्रज्ञांनी मोजलं, तर पुढच्या दोघांवर 74 टक्के आणि उरलेल्या एकावर 26 टक्के भार निघाला. शेरूच्या मापात म्हणजे पुढचे जवळपास सहा-सहा किलो, मागचा सव्वाचारच्या आत. गेलेल्या पायाचं ओझं उरलेल्या तिघांनी वाटून घेतलं, प्रत्येकी किलोभर! आपल्या घरात एक माणूस आजारी पडला की शेतातलं काम असंच वाटून घेतो आपण.

म्हणून तुम्ही दयेपोटी त्याला जी बिस्किटं चारता ना, ती बंद. त्याचं वजन दोन किलोनं वाढलं तर ते तीन पायांनाच वाहायचंय. हात चपटा ठेवून पंजाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवा, आतली हाडं जशी लागतात तशा शेरूच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. तळहातासारख्या मऊ लागल्या तर कुत्रा जाड झाला. जीपमधून त्याला उडी मारू द्यायची नाही, सगळा धक्का पुढच्या दोन पायांवर येतो. नखं वाढू द्यायची नाहीत. आणि या दिवसांत फिरवायचं ते सूर्य उगवायच्या आधी. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो जीभ काढून धापतो तेवढाच त्याचा पंखा. उड्या घेत चालायला मेहनत जास्त, आणि आपल्याकडे वैशाखात दगड तापतात.

"खेकड्याचा पाय तर परत येते. मंग शेरूचा काऊन नाही येत?"

येतो खरा. अडाण नदीतला खेकडा संकटात आपला पाय ठरलेल्या सांध्यावर स्वतःच तोडून देतो आणि पुढच्या एकदोन कातींमध्ये नवा पाय फुटतो. पाल शेपटी टाकते. सस्तन प्राण्यांना तो गुण नाही, जखम लवकर बुजवणं हाच आपला मार्ग. घोड्याला तर तीन पायांवर उभं राहणंही परवडत नाही. चार-पाचशे किलोंचं धड, उरलेल्या खुरावर इतका भार येतो की खुराच्या आतले पापुद्रे सुटू लागतात. ऋग्वेदात विश्पलेची कथा आहे, लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय दिला. काही अभ्यासक म्हणतात, ती शर्यतीची घोडी असावी. तसं असेल तर ते वैद्य फारच मोठे म्हणायचे.

लोखंडी पायावरून आठवलं. आपल्या विदर्भातल्याच एका वाघाची गोष्ट. साहेबराव त्याचं नाव. 2012 साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याचा पुढचा पंजा सापडला, सडला, कापावा लागला. पुढे तो नागपूरच्या गोरेवाड्याला राहिला. हाडांचे डॉक्टर सुश्रुत बाभूळकर यांनी त्याला लंगडताना पाहिलं आणि मनावर घेतलं. जानेवारी 2020 मध्ये त्यांनी आणि पशुवैद्यांनी मिळून त्याला कृत्रिम पंजा बसवला. वाघ शुद्धीवर आला, पाय झटकला आणि तो पंजा काढून टाकला. डॉक्टरांचे कष्ट, त्यांची माया यात काही खोटं नव्हतं. वाघाला ते काय आहे हे सांगायचं कसं, एवढंच उरलं. शेरूला कृत्रिम पाय बसवू या असं तुझ्या काकाच्याही मनात होतं. पण मांडीतून गेलेल्या पायाला तो बसवायला जागाच राहत नाही, आणि बहुतेक कुत्री साधारण महिनाभरात तीन पायांवर रुळतात. नवा पाय द्यायची गरज नव्हती. न घसरणारी जमीन द्यायची होती.

तर मग तो चौथा पाय गेला कुठं? अमेरिकेतल्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय कापले गेले. सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांकडे ते सांगायचे, माझ्या नसलेल्या पायाची बोटं खाजतात. 1871 साली त्यांनी त्याला भुताचा अवयव म्हटलं. भूतबीत काही नाही ते. पाय जातो, पण मेंदूतला त्या पायाचा नकाशा तसाच राहतो. शेरूला काय वाटतं ते त्याला विचारता येत नाही. पण एक दिसतं ते तुम्हाला दाखवतो. शेरू, इकडे.

त्याच्या उजव्या कानामागं खाजव. पाहा, उजवा पाय लगेच वर आला, भराभर हलतोय. शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी हेच कुत्र्यांमध्ये तपासलं. सेकंदाला चारेक वेळा पाय हलतो, आणि हा हुकूम मेंदूतून नाही, पाठीच्या कण्यातून सुटतो. आता डाव्या कानामागं खाजव. हळूच त्याच्या मांडीकडे बघ. तो छोटासा थुटका हलतोय ना? तसाच, भराभर, उजव्या पायाच्याच तालात. कण्यानं हुकूम सोडलाय, मांडी खाजवतेय, पण कानापर्यंत पोहोचायला पाय नाही.

म्हणून तुला मघाशी डाव्या बाजूला बसवलं. शेरू धावतो, पोहतो, आणि परवा रोह्यामागं धुऱ्यापर्यंत गेला होता. त्याला एकच काम जमत नाही, आपला डावा कान खाजवणं. घरात ते सगळे करतात, सुटीभर आता तू कर. कानाच्या मुळाशी, जरा मागच्या बाजूला. आणि थुटका हलायचा थांबेपर्यंत हात काढू नकोस.